पाय टेबलावर, विमान सरळ

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज जेवताना बाबा म्हणाले, "या घरात वर-खाली करायचा धंदा माझा आहे. तू तोच करतोस, फक्त खुर्चीतून न उठता." बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आपल्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसतात. मी ताट सरकवून उठलो. आई म्हणाली, "अन्नावर राग काढू नकोस." मग कोणावर काढू? अन्न तरी उलट बोलत नाही.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं असं बाबा कधीच म्हणत नाहीत. ते म्हणतात, "कॉलेजने सुटकेचा श्वास सोडला." प्राध्यापकाच्या टेबलावर ड्रॉइंगची गुंडाळी आपटली होती, एवढंच. लागली कुणालाच नव्हती. आता दुपारभर झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो आणि उरलेला वेळ या खोलीत विमान उडवतो. संगणक, मोठा पडदा, हातात धरायची स्टिक आणि एक मोडकी खुर्ची. याला सिम्युलेटर म्हणतात. बाबा खेळणं म्हणतात.

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण आज मला काम सापडलं. कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिने कॉलेज पुरं केलं. आता विम्याच्या कचेरीत बसते आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या क्लबात विमान शिकते. क्लबाचा नियम असा, की नव्या विमानाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने 'म्हातारी'वर एकट्याने एक फेरी मारायची. म्हातारी म्हणजे त्यांचं जुनं ट्रेनर विमान: एकावर एक दोन पंख, वरून कापड मढवलेलं, कॉकपिट उघडं, ब्रेक नाहीत. मास्तर पुढे बसतो, शिकणारा मागे. १ मार्चपर्यंत ती फेरी झाली नाही तर नाव कटतं आणि जागा पुढच्याला जाते. तिने या जागेसाठी दोन वर्षं वाट पाहिली आहे.

आणि तो मास्तर तिला छळतोय. त्याला सगळे सर म्हणतात. मी कुंपणाबाहेरून एकदा पाहिलाय. लांब मान, वाकलेली पाठ, कायम जमिनीवर काहीतरी मेलेलं शोधत असल्यासारखी नजर. मी त्याला गिधाड म्हणतो. आज त्याने तिला ऐकवलं, "तुझे पाय म्हणजे शेजारच्या घरचे पाहुणे. येऊन बसतात, कामाला हात लावत नाहीत."

मी फोनवर म्हटलं, "माझ्याकडे ये. मी शिकवतो."

"तू?"

"मी."

"तू कधी विमानात बसलायस?"

असले प्रश्न ती हसत विचारते म्हणून मी माफ करतो.

संध्याकाळी म्हातारीचंच मॉडेल शोधून सिम्युलेटरमध्ये उतरवून घेतलं. पहिल्यांदा थ्रॉटल दिला, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवला, तर गरकन फिरली आणि विमानं ठेवायच्या हँगरमध्ये घुसली. दुसऱ्यांदा गवतात. तिसऱ्यांदा मी टेबलावर मूठ आपटली आणि आईने पलीकडून विचारलं, काय फुटलं? मग सेटिंगमध्ये शोधाशोध केली. रडर म्हणजे शेपटीची उभी फळी, ती पायाने हलवायची असते. तिथे 'रडरला आपोआप मदत' अशी चौकट होती, तिच्यात खूण केली. चौथ्यांदा म्हातारी दोरी आखल्यासारखी सरळ धावली. त्यानंतर एकदाही चुकलो नाही. काय बाऊ करून ठेवलाय लोकांनी! सगळा खेळ निश्चयाचा आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रडरच्या पायपॅडलशिवाय शिकवायचं कसं? आईच्या जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा गॅलरीत पडून होता. आई आता विजेच्या मशीनवर लोकांचे कपडे छोटे-मोठे करते, पायाचं मशीन कोण चालवतं? त्याची पायपट्टी काढली, मधोमध खिळीवर आडवी बसवली. डावा पाय दाबला की डावी बाजू पुढे, उजवा दाबला की उजवी. तारा संगणकाला जोडल्या. दोन दिवस गेले.

आईने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्या पट्टीवर पाय मारून मी तुझ्या शाळेची फी भरली."

"मग आता तीच पट्टी मला आकाशात नेईल."

"आधी दुकानात वेळेवर ने म्हणावं."

नंतर तिने खोली झाडताना एक तार सरकवली. मी इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. माझ्या खुर्चीला, पॅडलला, तारेला कोणी बोट लावायचं नाही. लावलं तर जसं होतं तसंच परत असलं पाहिजे, असं सगळ्यांदेखत सांगितलं. काका म्हणाले, "देवघर आहे का हे?" मी दार लावून घेतलं.

पॅडल मात्र अप्रतिम झालीत. टेकऑफला मी असा काही पाय मारतो की म्हातारी मुकाट ऐकते.

रविवार, १५ फेब्रुवारी

ती आली. निळा सदरा, केस बांधलेले, हातात हेल्मेट. आधी आईपाशीच बसली. आईने तिच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून म्हटलं, "हे कोणी शिवलंय? खांदा कुठे, शिवण कुठे!" दोघी हसत बसल्या. मी दारात उभा. माझी शिकवणी, आणि चर्चा खांद्यांची.

खुर्चीत बसली. पहिलाच टेकऑफ सरळ. दुसरा सरळ. तिसऱ्याला तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि तरीही सरळ.

"फारच सोपं आहे रे इथे."

"शिकवणारा बरा असला की सोपंच वाटतं."

"तसं नाही. तिथे धावताना जमिनीवरचं शेपूट उचललं की नाक असं एका बाजूला ओढतं... पायाखालून सतरंजी काढल्यासारखं. इथे काहीच ओढत नाही."

"कारण मी तुला घाबरवत नाही. ते गिधाड पुढे बसून केकाटतं म्हणून तुझे पाय आखडतात. पाय सैल सोड. अगदी सैल. विमान आपलं आपण जातं."

"सर म्हणतात, पाय सतत नाचत राहिले पाहिजेत."

"सर म्हणतात! सर म्हणतात! मग त्यांच्याकडेच जा ना."

ती म्हणाली, "बरं बाबा, सैल." आणि आणखी पाच वेळा उडाली. जाताना जिन्यात वळून म्हणाली, "थँक यू हं, वेड्या."

वेड्या म्हणाली. हा शब्द ती दुसऱ्या कुणाला वापरत नाही. मी चौकशी केली आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी येते. रोज सरळ. काल मी खुर्चीमागे उभा होतो आणि तिच्या मानेवर एक तीळ दिसला. आज दुकानात एका वकिलाच्या कागदांच्या दुप्पट प्रती काढल्या. मालक म्हणाला, "लक्ष कुठे आहे?" मी म्हटलं, "तुमच्या दुकानात नाही, एवढं नक्की." आजचा अर्धा पगार कापला. कापू दे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

तिचा फोन. रडत होती. सकाळी म्हातारी धावपट्टी सोडून बाहेर गेली. शेपूट वर आलं, नाक डावीकडे ओढलं आणि हिचे पाय सैल. मास्तरने पुढून रडर मारला नसता तर हवेची दिशा दाखवणाऱ्या खांबाला धडकली असती. खाली उतरल्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मागच्या आठवड्यात थोडे तरी हलत होते. आता पाय घरी ठेवून आलीस का?"

मी म्हटलं, त्याला मी बघतो.

"तू काही बघू नकोस," ती म्हणाली.

बघतोच.

रविवार, २२ फेब्रुवारी

क्लबात गेलो. हँगरात तेलाचा आणि ओल्या कापडाचा वास. मधोमध म्हातारी. पडद्यावर वाटते त्याहून लहान आहे आणि जास्त थकलेली. पंखाच्या कापडावर ठिगळं, त्यांवर रंग. गिधाड एका स्टुलावर बसून पान्याने नखातली घाण काढत होता. ती त्याच्या शेजारी चाकाला टेकून उभी. मला पाहून तिने डोळे मिटले.

मी म्हटलं, "तुम्ही तिला घाबरवता म्हणून ती चुकते."

त्याने वर न बघता विचारलं, "हा कोण?"

"माझा मित्र," ती म्हणाली.

"अच्छा! व्हिडिओ गेमवाला." आता वर पाहिलं. "तूच का तिला पाय सैल सोडायला शिकवलंस?"

"माझ्याकडे ती एकदाही चुकलेली नाही. एकदाही! तुमच्याकडे रोज चुकते. म्हणजे दोष कुणात?"

दोन-चार पोरं जमली. एकाने शीळ घातली. गिधाड म्हणाला, "पोरा, मी विमानातून उतरतो तेव्हा माझ्या गुडघ्यातून कळ जाते. तू उतरतोस तेव्हा तुझी आई वाढायला बोलावते. दोष यात आहे."

सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "हिंमत असेल तर या माझ्या खोलीत. बसा माझ्या खुर्चीत. मी सांगतो तितकं सरळ उडवून दाखवा."

"येतो की," तो म्हणाला. "पत्ता हिला माहीत असेलच."

ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या बाजूने भांडायला गेलो तर हे. माणसाने कुणासाठी जीव टाकावा आणि तिने चाकाकडे बघत राहावं!

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तो आला. खरंच आला. तिच्या स्कूटरवर मागे बसून आला, हे मी खिडकीतून पाहिलं. ते मी विसरणार नाही.

बाबा लवकर घरी आले होते. त्यांनी त्याला हात जोडले. दोघं म्हातारे दारातच दोराच्या जाडीबद्दल बोलायला लागले, लिफ्टचा दोर आणि विमानाची तार. बाबा माझ्याशी इतकं वर्षभरात बोलले नसतील.

मग गिधाड माझ्या खुर्चीत बसला. स्टिक धरली. थ्रॉटल दिला. म्हातारी सरळ धावली आणि उडाली. त्याने भुवया वर केल्या. पॅडलवर एक पाय हळूच दाबला, मग दुसरा. पडद्यावर काही हललं नाही. त्याने खाली वाकून पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परत," तो म्हणाला. पुन्हा धावपट्टीवर आला. या वेळी त्याने बूट काढले. एक पाय उचलून टेबलावर ठेवला, माझ्या कीबोर्डशेजारी. मग दुसरा. मोज्याला अंगठ्याशी भोक. थ्रॉटल पूर्ण दिला. म्हातारी धावली, शेपूट उचललं, नाक तसूभर हललं नाही, उडाली.

"बघ," तो तिला म्हणाला. "पाय टेबलावर. विमान सरळ."

त्याने सेटिंग उघडलं, ती चौकट शोधली आणि खुणेवर बोट ठेवलं. "आपोआप मदत. रडर संगणक मारतोय. पॅडल नुसती पायाखाली." मग माझ्या खांद्यावर थाप मारली. "चांगली आहेत हो पॅडल. शर्ट शिवायला."

बाबा हसले. हो, माझे बाबा हसले. मग हसू गिळलं, पण मी पाहिलं.

ती हसली नाही. म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"मला... ती खूण मी केली होती, पण—"

"तुला माहीत होतं की तू खूण केलीस. आणि मला सांगितलंस पाय सैल सोड."

"सगळे असंच उडवतात! सिम्युलेटरमध्ये—"

"माझे पाच दिवस उरलेत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दोघं गेले. परत त्याच स्कूटरवर.

मी बाबांना म्हटलं, "हसा अजून. हसा ना."

बाबा म्हणाले, "मी तुला हसलो नाही रे. मोजा बघून हसलो."

खोटं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

खुर्चीत बसलेलो नाही. पडद्यावर चादर टाकली आहे. तिने माझा नंबर बंद केलाय. आईशी मात्र बोलते. आई सांगते, रोज सकाळी कचेरीच्या आधी त्याच्याबरोबर उडते. रोज. तो पुढे, ती मागे. मी दुकानात दुपारभर एकाच माणसाचे जमिनीचे कागद काढतोय आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लांब मान.

एकटीची फेरी रविवारी सकाळी आहे. शेवटचा दिवस. उडाली तर त्याच्यामुळे उडाली असं होणार. नाही उडाली तर माझ्यामुळे. दोन्हीकडून मीच मेलो.

रविवार, १ मार्च. दुपार.

अक्षर वाईट येईल, येऊ दे.

सकाळी लवकर उठलो. म्हटलं, ती आज उडणार, तर आपणही एकदा खरं उडून बघू. चादर काढली. ती खूण काढली. थ्रॉटल दिला. नाक डावीकडे गेलं, मी उजवा पाय मारला. आणखी डावीकडे गेलं. अजून जोरात उजवा. गरकन फिरून गवतात. पुन्हा. पुन्हा. इतका नालायक आहे का मी? मग विमानाच्या बाहेरून दिसेल असं दृश्य लावलं आणि विमान जागेवरच उभं ठेवून डावा पाय दाबला. शेपटीची फळी उजवीकडे वळली.

तारा उलट जोडल्या होत्या. पहिल्या दिवसापासून. मदत चालू होती म्हणून कधी कळलंच नाही.

आई चहा घेऊन आली. म्हणाली, "अरे, हे चालू केलंस होय. ती बिचारी बुधवारी आणि परवा, दुपारी कचेरीतून सुट्टी काढून दोनदा येऊन बसली होती. तू दुकानात होतास. ती खूण काढून तासतासभर पाय मारत होती."

"कोण?"

"कोण काय? ती!"

ती दोन दिवस उलट्या पॅडलवर शिकली. डावीकडे जायला उजवा पाय. आणि आज खऱ्या विमानात, एकटी, पुढची सीट रिकामी, पुढून पाय मारणारं कुणी नाही. फोन लावला, बंद. क्लबाला लावला. गिधाडानेच उचलला. मी "ऐका, ते पॅडल—" एवढंच म्हणालो. "व्हिडिओ गेमवाला, आज नको," आणि ठेवला.

बाबांची मोटारसायकल काढली. बाबा ओरडत मागे धावले. फाटकावर पहारेकऱ्याने आडवा हात घातला. "साहेबांनी सांगितलंय, तुला आत नाही." मी म्हटलं, "माणूस मरेल!" तो म्हणाला, "तू गेलास की वाचेल." मी वळसा घेऊन पेट्रोलच्या टाकीमागून कुंपणावर चढलो. तारेत विजार फाटली, मांडी फाटली. पलीकडे उडी मारली.

म्हातारी धावपट्टीच्या त्या टोकाला, तोंड माझ्याकडे. इंजिनाचा आवाज चढला. मी शर्ट काढून हलवत गवतातून धावलो, थांब थांब म्हणत, आणि मधोमध येऊन उभा राहिलो.

तेव्हा मला दिसलं. शेपूट वर आलं आणि नाक हललं नाही. जरासं हलायच्या आतच रडरची फळी फडफडत होती, डावी उजवी डावी, एखाद्या माशाच्या शेपटीसारखी. ती सरळ येत होती. मी पडद्यावर कधी पाहिली नाही इतकी सरळ. अगदी माझ्याच अंगावर.

मी हललो नाही. हलायचं होतं, पाय हलेनात.

आवाज एकदम बंद झाला. फळी पूर्ण उजवीकडे गेली. म्हातारी वळली, खालच्या पंखाचं टोक जमिनीला लागलं, कापड टर्रकन फाटलं, माती उडाली, आणि नाकावरचा फिरता पंखा माझ्यापासून खाटेएवढ्या अंतरावर बाजूला होऊन थांबला. मग नुसती धूळ आणि इंजिनाची टिकटिक.

ती उतरली. हेल्मेट काढलं. तोंडावर मातीचा थर, गॉगलच्या जागी दोन गोरी वर्तुळं.

मी म्हटलं, "पॅडल उलटी आहेत! माझी पॅडल! तू उलटं शिकलीस!"

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"पहिल्याच मिनिटाला कळलं. तारा बदलून घेतल्या आणि बसले. निघताना परत होत्या तशा लावून ठेवल्या. तुझ्या वस्तूला हात लागला की तू घर डोक्यावर घेतोस." मग ती खाली बसली आणि फाटलेल्या कापडावर हात ठेवून बसून राहिली.

गिधाड धापा टाकत आला. मला वाटलं मारणार. त्याने फक्त विचारलं, "आठवडाभर मी तिच्या पुढे बसतोय. तिचे पाय उलटे पडत असते तर मला कळलं नसतं? तुला काय वाटलं, मी तिला कोणत्या भरवशावर एकटीला सोडलं?"

मला हे सुचलंच नव्हतं.

मेकॅनिक म्हणाला, पोलिसांना बोलवू या. ती म्हणाली, "नको. याच्या बाबांना बोलवा." बाबा कामाच्या कपड्यांत आले, खिशाला पकड लटकत होती. ते गिधाडापुढे मान खाली घालून उभे राहिले. मोडलेल्या पंखाकडे पाहिलं. तिच्यापाशी गेले आणि विचारलं, "बाळा, लागलं नाही ना?" मला घेऊन घरी आले. रस्ताभर एक टोमणा नाही. मी वाट बघत होतो, एखादा तरी मारतील म्हणून.

मंगळवार, ३ मार्च

ती आली. आईकडे नाही, माझ्याकडेच आली. बसली नाही.

मी आधीच ठरवलं होतं, माफी मागायची. पण तिने दारातून पाहिलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "तू मला सांगितलं असतंस तारा बदलल्या म्हणून, तर हे झालंच नसतं."

"बरोबर. माझंच चुकलं," ती म्हणाली. अशा आवाजात की चुकलेलं कोणाचं ते भिंतीलाही कळावं.

"मी तुझा जीव वाचवायला आलो होतो."

"कोणापासून?"

मी खुर्ची सरळ करायला लागलो.

"सांग ना. कोणापासून? विमानापासून? सरांपासून? तुला वाटलं मला डावा-उजवा कळत नाही. दोन वर्षं थांबले मी त्या फेरीसाठी. तुला वाटलं, दोन दुपारी तुझ्या शिलाई मशीनवर बसले की माझे पाय तुझे झाले."

"मी तुझ्यावर—" मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "अख्ख्या क्लबाला माहीत आहे. माझ्यावर प्रेम करणारा माणूस पंख्यासमोर उभा होता म्हणून मी विमान मोडलं. लोक हसतात मला. मी उडाले असते रे. आणखी एवढ्याशा अंतरात चाकं सुटली असती."

मग सांगितलं, की क्लबाची सभा झाली. सरांनी तिचं नाव कापू दिलं नाही. ते म्हणाले, त्या दिवशी तिने वेळेवर योग्य पाय मारला नसता तर आज आपण त्या पोराचे तुकडे वेचत असतो. हिला आणखी काय शिकवू? पंख दुरुस्त झाला की पहिली फेरी तिची. एक अट आहे. मी त्या मैदानाच्या आसपास दिसायचं नाही. अट सरांनी नाही घातली, तिने घातली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मला काय हौस आहे तुझं ते फाटकं विमान बघायची."

ती गेली. हे वाक्य मी का बोललो? कोण बोलतं माझ्या तोंडून? ते जिन्यात भेटलं तर मी त्याला बदडून काढीन.

शनिवार, १४ मार्च

आई दोन दुपारी क्लबात जाऊन आली. पंखाला नवं कापड शिवायचं होतं, शिवणारं कुणी मिळत नव्हतं. तिने मला विचारलंही नाही. बाबा सोडायला गेले. मी दुकानातून आलो तर दोघं हसत होते. मला पाहून थांबले. घरात तीन माणसं आणि तिघांत मीच उपरा.

गिधाडाने आईला विचारलं म्हणे, "तुमचा वैमानिक काय म्हणतो?" आई म्हणाली, "जमिनीवर आहे."

रविवार, १२ एप्रिल

आज तिची फेरी. वारा नाही. आभाळ स्वच्छ. सकाळपासून घरातच आहे. तिची अट होती म्हणून नव्हे. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. बाबा वर्तमानपत्राआडून बघत होते. मोटारसायकलची किल्ली त्यांनी खिशात ठेवली होती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. "बस," ते म्हणाले. "अशा वेळी लिफ्टखाली उभं राहायचं नसतं." हा टोमणा होता. कितीतरी दिवसांनी मारला. मी बसलो.

दहाच्या सुमारास आईचा फोन वाजला. मी तिच्याआधी टेबलापाशी पोचलो. आईने माझ्या हातावर चापट मारून फोन घेतला, चष्मा लावला, वाचलं आणि मशीनजवळ ठेवून पुन्हा कुणाची तरी बाही उसवायला घेतली.

"काय आहे?"

"तिचा निरोप."

"काय म्हणते?"

"झालं."

"झालं म्हणजे? एवढंच?"

"एवढंच. 'झालं.'"

"माझ्याबद्दल काही?"

आईने पुन्हा चष्मा लावला. फोन डोळ्यांजवळ धरला, वर-खाली करून नीट पाहिलं. माझ्यासाठी. मग म्हणाली, "नाही रे."

"परत वाच."

"झालं," आईने वाचलं.

बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले, "उतरलीसुद्धा का ती?" आई म्हणाली, "उतरल्याशिवाय कशाला लिहील?" दोघं हसले. खुशीने हसले, आणि मला कळलं की माझ्यावर नाही. मलाही हसू येणार होतं. पण हसण्याऐवजी मी ओरडलो, "अजून एकदा वाच!"

तिसऱ्यांदा वाचायला आईने नकार दिला.